कॉमेंट सगळ्यात फिकी का? शिकणाऱ्यांच्या एडिटरमधले रंग बदलायला हवेत

तापीकाठ, जळगाव

मी जळगावात प्रोग्रॅमिंगचे क्लास घेतो. पोरं बहुतेक चोपडा, यावल, धरणगाव, पारोळ्याकडची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. एडिटर (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) हाती आला की कुठली तरी देखणी गडद थीम, म्हणजे आयती रंगसंगती, उतरवून घेतात आणि माझा त्यांच्याशी वाद तिथूनच सुरू होतो. बऱ्याच आयत्या थीममध्ये कॉमेंटला, म्हणजे कोडमध्ये माणसासाठी लिहिलेल्या टिपेला, सगळ्यात फिका रंग दिलेला असतो. नव्याने शिकणाऱ्यासाठी हे साफ उलटं आहे. त्याच्या पडद्यावर सगळ्यात ठळक कॉमेंट दिसली पाहिजे. इफ, फॉर, रिटर्न असे कीवर्ड (भाषेचे राखीव शब्द) मागे राहिले तरी चालतील.

हा नुसता आवडीनिवडीचा मामला नाही. पडद्यावरचा मजकूर सगळ्यांना वाचता यावा म्हणून वेबसाठी जे निकष जगभर मानतात, त्यांत साधी अक्षरं आणि मागची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावं असं आहे. आता सोलराइज्ड घ्या. २०११ सालची, एकेक रंग तोलून निवडलेली रंगसंगती. तिच्या गडद रूपात कॉमेंटचं गुणोत्तर काढलं तर २.८ च्या आसपास येतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, खिडकीतून ऊन थेट पडद्यावर पडतं, मॉनिटर जुने. तिथे ओळ आहे की नाही हेच कळत नाही.

वर ती कॉमेंट तिरपी. इंग्रजी फॉन्टला इटॅलिकचं वेगळं वळण असतं. देवनागरीच्या बऱ्याच फॉन्टना ते नसतं, मग सरळ अक्षरंच यंत्राने कलती केली जातात. ‘हमालीची रक्कम वजा करून’ अशी ओळ करड्या रंगात, कलती, बारीक अक्षरात वाचून बघा. वेलांट्या आणि रफार शेजारच्या अक्षरात घुसतात.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे ही पोरं विचार कॉमेंटमध्ये करतात. परवा एका मुलीने कापसाच्या काट्याचा प्रोग्रॅम लिहिला. वरती कॉमेंट: ‘भरलेल्या गाडीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं, आलेला फरक क्विंटलमध्ये.’ खाली तोच किलोतला फरक १०० ऐवजी १००० ने भागलेला. उत्तर दहापट कमी येत होतं आणि ती भागाकाराच्या ओळीकडेच टक लावून बसली होती. ओळ व्याकरणाला बरोबर, रंगही सगळे जागच्या जागी. मी तिची कॉमेंट पिवळी केली, तिरपेपणा काढला आणि म्हटलं, आता दोन्ही ओळी एकापाठोपाठ मोठ्याने वाच. ‘क्विंटलमध्ये’ म्हणेपर्यंत तिचा हात कीबोर्डवर गेला होता.

करायला फार काही लागत नाही. व्हीएस कोड या एडिटरच्या सेटिंग्जच्या जेसन फाइलमध्ये ‘एडिटर टोकन कलर कस्टमायझेशन्स’ नावाची नोंद घालायची, तिच्यात ‘कॉमेंट्स’खाली रंग द्यायचा आणि फॉन्टस्टाइल रिकामी ठेवायची, की तिरपेपणा जातो. विम या दुसऱ्या एडिटरमध्ये रंग ठरवणारी हायलाइटची आज्ञा थेट लिहिली तर पुढे कलरस्कीम लागताच ती पुसली जाते. म्हणून ती ‘कलरस्कीम’ या घटनेच्या ऑटोकमांडमध्ये (घटना घडली की आपोआप चालणाऱ्या आज्ञेत) टाका. आणि रंगांची ही फाइल पोरांनी स्वतःच्या हाताने लिहावी, दुसऱ्याची उचलू नये, असा माझा आग्रह आहे.

कोरडवाहू, मूळ धुळे, सध्या पुणे

सर, शिकवण्यातली तुमची तळमळ कळते, पण मूळ मुद्दाच मला मान्य नाही. कॉमेंट फिकी ठेवतात ती कारणासकट. कॉमेंट चालत नाही, कोड चालतो. यंत्र जे करणार ते कोडमध्ये आहे, तेव्हा डोळा आधी तिथेच गेला पाहिजे.

तुमचंच उदाहरण घेऊ. आज त्या मुलीची कॉमेंट खरी होती आणि कोड चुकीचा होता. तोच प्रोग्रॅम तीन वर्षं वापरात राहू द्या. मधे कोणीतरी हमाली वेगळी धरायला सुरुवात करील, ती वजा करायची ओळ काढून टाकील, आणि वरची ‘हमाली वजा करून’ ही कॉमेंट तशीच राहील, कारण कॉमेंट चुकली म्हणून कुठलाही प्रोग्रॅम अडत नाही. मग नवा माणूस येणार, तुमच्या पद्धतीने त्याला ती पिवळीधमक दिसणार आणि तो तिच्यावर विश्वास ठेवणार. मी रोज दुसऱ्यांचा जुना कोड वाचतो. जुन्या कॉमेंटनी दिवसच्या दिवस खाल्लेत माझे.

दुसरं, वाचनीयतेचं म्हणाल तर व्हीएस कोडच्या डार्क प्लस या थीममध्ये कॉमेंट हिरवी आहे, तिरपी नाही, आणि तिचं गुणोत्तर ५ च्या घरात जातं. म्हणजे तुमचा निकष मुळातच पाळलेला आहे. मग मुलांना एवढंच सांगा ना, की डार्क प्लसच ठेवा! एका थीमच्या दोषावरून सगळी मांडणी उलटी का करायची?

आणि ही मुलं उद्या पुण्याला, नाशिकला नोकरीला लागणार. तिथे शेजारच्याच्या मशीनवर बसून कोड वाचावा लागतो. डोळ्यांना उलटी सवय लागली तर तिथे अडखळतील.

सातपुडा पायथा, शिरपूर

माले हाई काय पटनं नही, धुळेकर भाऊ. पुण्याच्या ऑफिसातला उजेड वेगळा. आमच्याकडे लोडशेडिंग लागलं की लॅपटॉपचा उजेड पार खाली आणावा लागतो, बॅटरी टिकली पाहिजे ना. त्या उजेडात फिका रंग सगळ्यात आधी जातो. सरांच्या बाजूने माझं मत.

पांझराकाठ, धुळे

तुम्ही दोघंही रंग कुठला यावर वाद घालताय. मी म्हणते, पहिले सहा महिने रंगच नको. विममध्ये ‘सिंटॅक्स ऑफ’ आणि कामाला लागा.

मी डिप्लोमाच्या मुलांना शिकवते. आमच्याकडे थिअरीच्या पेपरात कोड हाताने लिहायचा असतो, निळ्या पेनाने, पांढऱ्या कागदावर. जर्नलमध्ये प्रिंट लावायची तीही काळी-पांढरी. वर्षभर रंगांवर विसंबलेली मुलं तिथे गोंधळतात. व्हेरिएबल (किंमत साठवणारं नाव) कुठलं, स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) कुठे संपली, हे त्यांनी कधी वाचलेलंच नसतं, रंगावरून ओळखलेलं असतं. कंस मोजायची सवय तर पारच गेली आहे. २०२२ पासून व्हीएस कोड स्वतःच जोडीच्या कंसांना रंग देतो, मग मोजणार कोण?

रंगाशिवाय काम होत नाही असंही नाही. प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी लिहिलेला ॲक्मे हा एडिटर कोड रंगवतच नाही. तो लिहिणारे रॉब पाइक हे पुढे गो भाषेच्या तिघा जनकांपैकी एक. विमसुद्धा १९९१ मध्ये आला आणि त्यात सिंटॅक्स हायलाइटिंग (कोड रंगवणं) १९९८ च्या ५.० आवृत्तीत आलं. मधली सात वर्षं लोकांनी त्यात कोड लिहिलाच ना? सुबक इंडेंटेशन, नीट नावं आणि ओळींमध्ये मोकळी जागा, एवढ्यावर कोड वाचता आला पाहिजे.

तापीकाठ, जळगाव

पांझराकाठ ताई, परीक्षेचा मुद्दा खरा आहे, ती अडचण मीही रोज पाहतो. पण रंग बंद करणं हा त्यावरचा उपाय मला वाटत नाही. नवखा मुलगा स्ट्रिंगचं शेवटचं अवतरणचिन्ह विसरतो तेव्हा रंग असेल तर पुढचा मजकूर स्ट्रिंगच्या रंगात जातो आणि त्याच क्षणी काहीतरी बिघडलंय हे त्याला दिसतं. रंग नसेल तर प्रोग्रॅम चालवायचा, इंग्रजीतला एरर वाचायचा, आणि पायथनच्या तीन अवतरणांची स्ट्रिंग उघडी राहिली असेल तर तो एरर कित्येकदा भलत्याच ओळीशी नेऊन सोडतो. मराठी माध्यमातल्या मुलाला तिथे आणखी एक भिंत. कागदावर लिहिण्याचा सराव वेगळा घ्यावा, मी आठवड्यातून एकदा घेतोही. त्यासाठी रोजचा एडिटर आंधळा का करायचा?

कोरडवाहू भाऊ, जुन्या कॉमेंट खोट्या होतात हे कबूल. पण त्या खोट्या का राहतात? कारण कोड बदलणाऱ्याला त्या दिसतच नाहीत. करड्या रंगातली ओळ त्याने ओलांडली आणि खालचा कोड बदलला. तीच पिवळी असती तर निदान नजरेला टोचली असती.

रंग ओळखा, नंदुरबार

एक विनंती. मला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि असे पुरुष कमी नाहीत. दर वर्गात एखादा तरी निघेल, त्याने सांगितलं नसेल एवढंच. डार्क प्लसची हिरवी कॉमेंट आणि नारिंगीकडे झुकणारी स्ट्रिंग मला बऱ्याचदा सारखीच वाटते. तेव्हा सर, रंग ठरवताना निळा आणि पिवळा ही जोडी धरा, आणि कीवर्डला वेगळा रंग देण्यापेक्षा नुसतं बोल्ड करा. जाडी सगळ्यांना दिसते.

केळीबाग, रावेर

थोडं तांत्रिक बोलते, कारण निम्मा वाद अवजारांमुळे आहे असं मला वाटतं.

विमचं जुनं हायलाइटिंग आणि व्हीएस कोडची टेक्स्टमेट व्याकरणं, दोन्ही रेग्युलर एक्स्प्रेशनवर, म्हणजे अक्षरांचे नमुने जुळवणाऱ्या नियमांवर, चालतात. ती मजकुराचा आकार पाहतात, अर्थ नाही. म्हणून लांबलचक स्ट्रिंगच्या मधोमध उडी मारली की विमचे रंग कधी कधी उलटेपालटे होतात आणि ‘सिंटॅक्स सिंक फ्रॉमस्टार्ट’ सांगून पहिल्या ओळीपासून पुन्हा बघायला लावावं लागतं. ओळ ३००० कॉलमच्या पुढे गेली तर पुढचा भाग तो मुळात रंगवतच नाही, तशी मर्यादाच आहे. सर, तुम्ही पोरांना नियम हाताने लिहायला लावता, तिथे मराठीचा खास अडथळा आहे: विमच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर. देवनागरी शब्द त्यात बसत नाही. पोराला वाटणार आपलंच चुकलं.

ट्री-सिटर हे कोड वाचणारं अवजार वेगळं आहे. ते कोडच्या रचनेचं पूर्ण झाड बांधतं, तुम्ही टाइप कराल तसा बदललेला भागच नव्याने वाचतं आणि अर्धवट कोडमध्येही तग धरतं. निओविम या एडिटरमध्ये ते २०२१ च्या ०.५ पासून आलं, ईमॅक्समध्ये २०२३ च्या २९ पासून. तिथे सगळ्या कॉमेंटना एकच रंग द्यायची गरज उरत नाही. फंक्शनचं वर्णन करणारी कॉमेंट, ‘हे करायचं राहिलंय’ छापाची कॉमेंट आणि बाकीची, अशी वेगळी नावं देता येतात. वर्णनाची कॉमेंट ठळक ठेवा, बाकीची मधली. कोरडवाहू म्हणतात ती शिळी होणारी कॉमेंट बहुतेक ओळीशेजारची असते.

म्हणून हाताने फाइल लिहिण्याचा आग्रह मला पटत नाही. मुलांचा वेळ रेग्युलर एक्स्प्रेशनच्या चिखलात का घालवायचा? रंग मात्र त्यांनी स्वतः निवडावेत, याला माझा पूर्ण पाठिंबा.

तापीकाठ, जळगाव

ताई, नियम आणि रंग यांत फरक करायला हवा होता, तुमचं बरोबर. नियम आयते घ्यावेत. हाताने लिहायची ती रंगांची आठ-दहा ओळींची फाइल, एवढंच माझं म्हणणं. ती लिहिताना मुलाला पहिल्यांदा विचारावं लागतं की स्ट्रिंग म्हणजे काय, टाइप म्हणजे काय, फंक्शनचं नाव व्हेरिएबलपेक्षा वेगळं का. व्हीएस कोडमध्ये ‘इन्स्पेक्ट एडिटर टोकन्स अँड स्कोप्स’ ही आज्ञा दिली की कर्सरखालचा शब्द एडिटर काय समजतोय ते दिसतं. मी त्यावर पूर्ण तास घेतो. पोरं एकेका शब्दावर जाऊन बघतात आणि आपसात भांडतात. माझ्या मते व्याकरण शिकवायला याहून चांगला तास नाही.

निळ्या-पिवळ्या जोडीची आणि बोल्डची सूचना उद्यापासून अमलात आणतो.

कोरडवाहू, मूळ धुळे, सध्या पुणे

टोकन बघण्याचा तास आवडला, तो आमच्याकडच्या नव्या मुलांनाही द्यायला हवा. रावेरच्या ताईंचं, वर्णनाची कॉमेंट वेगळी ठेवण्याचंही मान्य.

पण सर, सरसकट कॉमेंट ठळक करायला माझा विरोध कायम आहे. ‘नजरेला टोचली असती’ म्हणता, पण पिवळी ओळ आठवडाभर समोर राहिली की डोळा तिलाही सरावतो. शिळी कॉमेंट रंगाने सुधारत नाही, कोड तपासणाऱ्याने ती खोडायला लावली तरच सुधारते. तुमच्या त्या मुलीला मी एवढंच सांगितलं असतं: भागाकाराच्या उत्तराला ‘क्विंटल’ असं नाव दे आणि १०० हा आकडा ‘एका क्विंटलचे किलो’ अशा नावाने वर एकदाच लिही. मग कॉमेंट पुसली तरी हिशेब वाचता येतो, आणि ते नाव सहसा कुठली थीम फिकं करत नाही.

तापीकाठ, जळगाव

नावं द्यायला शिकवतोच. पण ते नाव इंग्रजीत काय द्यायचं हे सुचण्याआधी पोरगी मराठीत काहीतरी लिहिते, आणि तेव्हा ते तिला नीट दिसलं पाहिजे. पुढच्या बॅचला अर्ध्या मुलांना डार्क प्लस जशीच्या तशी देतो, अर्ध्यांना ठळक कॉमेंटवाली, आणि काट्याचा हाच प्रोग्रॅम दोन्हीकडे देतो. कोण किती वेळात चूक पकडतं ते इथेच लिहीन.