तालुका सरपंच संघटनेचं निवेदन: २२ मागण्यांतल्या कोणत्या ठेवायच्या, कुठे द्यायच्या?

तालुका_सचिव

तालुक्यात ६८ ग्रामपंचायती, त्यातल्या ५१ संघटनेत. दर वर्षी निवेदन जातं, फोटो निघतो, पोच मिळते आणि पुढे काही हलत नाही. या वेळच्या मसुद्यात २२ मागण्या झाल्यात. मुख्य अशा: पथदिव्यांची वीजबिलं शासनाने भरावीत, वित्त आयोगाच्या बंधित (ठरवून दिलेल्या कामांवरच खर्च करता येणाऱ्या) निधीचं प्रमाण कमी करावं, मुद्रांक शुल्काचा थकीत हिस्सा द्यावा, एका ग्रामसेवकाकडे तीन गावं नकोत, जलजीवनच्या (घरोघरी नळाने पाणी देण्याच्या) अर्धवट योजना गळ्यात मारू नयेत, सरपंचांचं मानधन दुप्पट करावं, विधान परिषदेला सरपंचांना मत द्यावं, नव्या सरपंचांच्या डिजिटल सह्या लवकर व्हाव्यात, स्मशानभूमी शेड.

यातल्या किती ठेवायच्या? मंत्रालयात द्यायचं की जिल्हा परिषदेत? एक दिवस ग्रामपंचायती बंद ठेवाव्यात असंही काही जण म्हणतायत.

लेखाशीर्ष

सचिव साहेब, आधी मानधनाची मागणी खोडा. सप्टेंबर २०२४ मध्येच ते दुप्पट झालंय. २,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावात सरपंचाचे ३,००० चे ६,००० झाले, ८,००० च्या वर ५,००० चे १०,०००. 'मिळत नाही' अशी तक्रार असेल तर कोणत्या गावाला कोणत्या महिन्यापासून, याचा तक्ता लावा. मंजूर झालेली मागणी परत दिसली की कार्यासनावरचा (विभागात फाइल हाताळणाऱ्या टेबलावरचा) माणूस समजतो, हे निवेदन जुन्यावरून टंकलंय. मग उरलेल्या २१ सुद्धा तो वाचत नाही.

मागण्या विषयानुसार लावू नका, सहीनुसार लावा. प्रत्येक मागणीपुढे एकच गोष्ट लिहा: हे कोणाच्या सहीने सुटतं? तुमच्या यादीवर करून बघा.

डिजिटल सह्या, ग्रामसेवकांचा जादा कार्यभार: गटविकास अधिकारी, फार तर मुख्य कार्यकारी अधिकारी. सरपंच बदलला की ई-ग्रामस्वराजवर (ग्रामपंचायतीचे पैसे ज्या ऑनलाइन प्रणालीतून निघतात तिच्यावर) सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सह्या परत जोडून मंजूर व्हाव्या लागतात, तोवर एक रुपया निघत नाही. यासाठी मुंबई कशाला? गावाचं नाव, सरपंचाने पदभार घेतल्याची तारीख, प्रस्ताव पंचायत समितीत दिल्याची तारीख, आजची स्थिती, असे चार रकाने करा. वीस गावांचा असा कागद घेऊन गटविकास अधिकाऱ्यांकडे बसलात तर काम आठवड्यात मार्गी लागू शकतं.

स्मशानभूमी शेड, ग्रामपंचायत इमारत: जिल्हा नियोजन समितीची जनसुविधा योजना. अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. मार्चमध्ये जाऊन उपयोग नाही. पुढच्या वर्षाचा आराखडा दिवाळीच्या आसपास बांधायला घेतात, यादी तेव्हा द्यायची. जागेचा सातबारा किंवा नमुना ८ (ग्रामपंचायतीच्या मिळकत नोंदीचा उतारा) आणि ग्रामसभेचा ठराव सोबत हवा. जागा ग्रामपंचायतीच्या नावावर नसेल तर शेड मंजूर होऊनही निधी परत जातो.

बंधित निधी: १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी ६०:४० ठरवलं. ६० टक्के बंधित, त्यात निम्मे पाण्याला आणि निम्मे स्वच्छतेला. हे प्रमाण दिल्लीत ठरतं. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना याचं निवेदन देणं म्हणजे तलाठ्याकडे रेल्वेचं तिकीट मागणं. १ एप्रिल २०२६ पासूनचा काळ १६ व्या आयोगाचा, म्हणून त्यातली भाषा वाचून, खासदारामार्फत, वेगळा कागद करा.

उरलं ते ग्रामविकास विभागाचं. आणि एक बारीक गोष्ट: त्या विभागाची कार्यासनं फोर्टात मर्झबान रोडवर बांधकाम भवनात बसतात. मंत्रालयात मंत्र्यांच्या दालनात दिलेलं निवेदन तिथून खाली येईपर्यंत बरेच दिवस जातात. दालनात द्याच, पण एक प्रत बांधकाम भवनात देऊन आवक क्रमांक घ्या. पुढचा पाठपुरावा त्या क्रमांकावरच होतो.

खांब_आणि_मीटर

पथदिव्यांवर सविस्तर लिहितो. ही मागणी सगळे करतात आणि कुणीच आकडे देत नाही.

पूर्वी ही बिलं शासन परस्पर भरत असे. २०२१ मध्ये ती वित्त आयोगाच्या निधीतून भरायला सांगितली: पथदिवे अबंधितातून, पाणीपुरवठा बंधितातून. तेव्हा राज्यभर जोडण्या तुटल्या आणि ओरड झाली. आता 'शासनाने भरावीत' एवढंच लिहिलंत तर फाइल 'अनौपचारिक संदर्भा'ने वित्त विभागाकडे जाते आणि 'सहमती देता येत नाही' शेरा घेऊन परत येते. कारण किती रुपयांचा बोजा, हे कागदावर नसतंच.

आधी स्वतःचं बिल समजून घ्या. १०० खांब, २० वॉटचे एलईडी, रोज ११ तास: १०० × २० × ११ म्हणजे दिवसाला २२ युनिट, महिन्याला ६६०. तेच दिवे दिवसाही चालू राहिले तर १,४४०. आणि वीज कंपनीच्या नोंदीत अजून जुन्या ट्यूब असतील (४० वॉट, चोकसकट ५० धरा) व बिल मीटरवर नसून जोडभारावर (नोंदीतल्या दिव्यांच्या एकूण वॉटवर) निघत असेल, तर दिवे ११ च तास लावूनही १,६५० युनिटचं बिल येतं.

युनिटला ८ रुपये धरून बघू (खरा दर तुमच्या बिलावरून घ्या). ६६० चे वर्षाला ६३,३६० रुपये. १,४४० चे १,३८,२४०. १,६५० चे १,५८,४००.

आता ४ लाख स्वउत्पन्नाची ग्रामपंचायत घ्या. मागासवर्गीय १५ टक्के, महिला-बालकल्याण १०, दिव्यांग ५, म्हणजे १,२०,००० गेले. आस्थापनेवर (कर्मचाऱ्यांच्या पगारावर) ३५ टक्के, १,४०,०००. हातात राहिले १,४०,०००. दिवसा जळणारे दिवे एकटे ते सगळे खातात. हा हिशेब एका पानावर, पाच गावांच्या खऱ्या बिलांसह लावला तर तो शासनालाही कळतो आणि सरपंचालाही.

निवेदनाआधी तीन कामं करा. वीज कंपनीच्या उपविभागाकडे जोडभाराच्या संयुक्त तपासणीसाठी लेखी अर्ज. तपासणीला ग्रामसेवक हजर हवा आणि पंचनाम्यावर खांबनिहाय दिवे व वॉट उतरले पाहिजेत. मीटर नसेल तिथे मीटरची मागणी. आणि प्रत्येक फेजला टायमर, कारण हाताने बंद करायच्या स्विचची जबाबदारी पाणीवाल्याकडे असते आणि तो सकाळी सहाला टाकीवर असतो. एवढं केलंत की निवेदनात लिहिता येतं: 'आम्ही वापर एवढ्याने कमी केला, जुन्या चुकीच्या जोडभाराची थकबाकी व त्यावरचं व्याज वगळावं.' थकबाकीची ही मागणी मंजूर होण्यासारखी आहे. सगळं बिल शासनाने भरण्याची मागणी मला तरी होईलसं वाटत नाही.

लक्षवेधी

वरच्या दोघांशी सहमत, पण एका ठिकाणी थांबा. प्रत्येक प्रश्न 'सही कोणाची' एवढ्यावर नेलात तर संघटना अर्ज लिहून देणारं केंद्र होईल. काही मागण्या आज सुटणार नसतात, तरी धरून ठेवायच्या असतात. विधान परिषदेचं मत त्यातलं. स्थानिक प्राधिकारी संस्था मतदारसंघात आपल्याकडे नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समिती सभापती मत देतात. सरपंच नाही. शेजारी कर्नाटकात ग्रामपंचायत सदस्यांना मत आहे. बदल लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या चौथ्या अनुसूचीत करावा लागेल, म्हणजे संसदेत. आमदारांना भेटून हे होणार नाही, पण ते मत नसल्यानेच तुमचं निवेदन शेवटच्या खुर्चीवर पडतं, हेही तितकंच खरं.

विधिमंडळाची वाट: तारांकित प्रश्नाच्या (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी जातात. अधिवेशन सुरू झाल्यावर आमदारांकडे गेलात तर हाती लक्षवेधी सूचना किंवा औचित्याचा मुद्दा (सभागृहात ऐनवेळी विषय मांडायची साधनं) एवढंच उरतं. हिवाळी अधिवेशन डिसेंबरचं असेल तर कागद ऑक्टोबरमध्ये तयार हवा. आणि प्रश्न तुम्हीच मसुदा करून द्या, आमदारांच्या स्वीय सहायकावर सोडू नका. 'बिलांबाबत शासन काय करणार' असा प्रश्न गेला तर 'बाब विचाराधीन आहे' एवढं उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: जिल्ह्यातल्या किती ग्रामपंचायतींची पथदिव्यांची जोडणी अमुक ते अमुक तारखेत तोडली, त्यांतल्या किती ठिकाणी जोडभार तपासला होता? उत्तरात आकडा आला की पुढच्या अधिवेशनात त्याच आकड्यावर पकडता येतं.

शिवाय बिनखर्चाची एक तरी मागणी ठेवा. केरळच्या अर्थसंकल्पात परिशिष्ट ४ म्हणून स्वतंत्र पुस्तकच असतं, कोणत्या स्थानिक संस्थेला किती मिळणार ते नावानिशी. आपल्याकडे मुद्रांक शुल्काचं तेवढं तरी मागा. १ टक्का अधिभारातला निम्मा जिल्हा परिषदेचा, निम्मा ग्रामपंचायतींचा, पण आपल्या गावचा हिस्सा किती होता हे गावाला कळत नाही. 'गावनिहाय देय आणि दिलेली रक्कम दर तिमाहीला प्रसिद्ध करा' याला वित्त विभागाची सहमती लागत नाही.

बंदबद्दल: ग्रामपंचायतीला कुलूप लावलं की दाखल्यासाठी आलेली गावचीच माणसं परत जातात. बांधकाम भवनात त्याचा पत्ताही लागत नाही.

लेखाशीर्ष

मुद्रांक शुल्कावर एक इशारा. शहरालगतच्या दहा-बारा गावांतच खरेदी-विक्री असते, त्यांचीच रक्कम मोठी. कोरडवाहू पट्ट्यातल्या सरपंचांना या मागणीत रस नसतो, आणि संघटना फुटते ती अशाच ठिकाणी. तिच्या जोडीला सगळ्यांची एक ठेवा. माझ्या मते ती डिजिटल सह्यांची.

तालुका_सचिव

मग तीन ठरवतो: तालुक्याला सह्या आणि कार्यभार, विभागाला जोडभाराची थकबाकी, आणि मुद्रांक शुल्काचा तक्ता. दोन शंका. प्रत्येक ग्रामपंचायतीकडून संघटनेची २,००० रुपये वर्गणी घ्यायचा विचार आहे, चालेल का? आणि जलजीवनचं काय?

खांब_आणि_मीटर

वर्गणी ग्रामनिधीतून नको. लेखापरीक्षणात आक्षेप निघेल आणि वसुली सरपंच-ग्रामसेवकाच्या माथी बसेल. सरपंचांनी स्वतःच्या खिशातून द्यावी, संघटनेच्या खात्यात, पावती घेऊन.

ठरावांचंही बघा. ५१ गावांचा एकच झेरॉक्स ठराव, फक्त नाव बदललेलं, असं देऊ नका. मागणीचं वाक्य सगळ्यांत सारखं, पण खाली त्या गावचे आकडे वेगळे: खांब किती, नोंदीतला जोडभार किती, प्रत्यक्षात किती, थकबाकी किती. ग्रामसभेचा ठराव असेल तर वजन जास्त, पण गणपूर्ती (१५ टक्के किंवा १०० मतदार, यातले कमी असतील ते) झाल्याची नोंद इतिवृत्तात हवी. तहकूब सभेचा असेल तर तसं लिहा.

जलजीवनचं निवेदन नको, हस्तांतरणाच्या वेळची अट हवी. संघटनेने सगळ्या गावांना एकच नमुना पत्र द्यावं: माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी शेवटच्या नळाला येतं का, हे उन्हाळ्यात मोजून दाखवल्याशिवाय ताबा घेणार नाही, पंपाचा वीजखर्च लेखी द्या. १० अश्वशक्तीचा पंप रोज ६ तास म्हणजे महिन्याला साधारण १,३४० युनिट. पाणीपट्टी ठरवताना हाच आकडा लागतो, आणि तो माहीत नसतानाच बऱ्याच ठिकाणी सही होते. एकदा ताबा घेतल्याची सही झाली की गळतीही तुमची आणि बिलही तुमचं.

लक्षवेधी

नमुना पत्राच्या तळाला 'प्रत: कार्यकारी अभियंता, ग्रामीण पाणीपुरवठा' टाकायला विसरू नका. सरपंच पत्र फक्त ठेकेदाराच्या माणसाच्या हातात देतात, आणि ते त्याच्याच गाडीत राहतं.