लॅबमधल्या २८ पीसींपैकी कोणात काय बसवलंय, हे आपोआप कसं कळेल?

लॅबवाला:
मंडळी, सल्ला हवाय. कॉलेजच्या लॅबमध्ये २८ पीसी आहेत, सगळे उबुंटूवर. ११ मशिनांत एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डं (जीपीयू), काही ४ जीबी मेमरीची तर काही ८ची. तिघांना यूएसबीवर आर्डुइनो (छोटे मायक्रोकंट्रोलर बोर्ड) जोडलेले असतात. रात्री लॅब रिकामी असते, तेव्हा मुलांची मॉडेलं ट्रेन करायची कामं वाटून द्यायचीत. सध्या एक्सेल शीट बघून एसएसएचने (दुरून लॉगिन करून) स्क्रिप्ट सोडतो. परवा १७ नंबरवर काम सोडलं, ते रात्रभर सीपीयूवरच रखडलं. सकाळी झाकण उघडलं तर कार्डच नाही! सुट्टीत कुणीतरी काढून १९ मध्ये घातलं होतं. आपल्याकडे काय आहे हे मशिननेच सांगावं, असं काही आहे का? बजेट शून्य.

झटपट_भिडू:
एका लूपमध्ये सगळ्यांवर एलएसपीसीआय चालवा, विषय संपला. एवढ्यासाठी तोफ कशाला?

खटपट्या:
भिडू, एलएसपीसीआय एवढंच सांगतं की स्लॉटमध्ये कार्ड आहे. ड्रायव्हर मेलेला असला तरी कार्ड दिसतंच, आणि काम मात्र पडतं.

लॅबवाले, एचटीकाँडॉर बघा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात १९८८ पासून चाललेला प्रकल्प आहे, फुकट आहे, आणि मुळात रिकाम्या बसलेल्या पीसींकडून काम करून घ्यायलाच काढलेला. प्रत्येक मशिन स्वतःची 'क्लासअ‍ॅड' पाठवतं, म्हणजे वधूवर सूचक मंडळातला बायोडेटाच: इतके कोअर, इतकी रॅम, अमुक ओएस. कामही आपल्या अपेक्षा लिहून येतं, आणि मधला निगोशिएटर जुळवतो. कॉन्फिगमध्ये जीपीयूचं फीचर चालू केलंत की काँडॉर_जीपीयू_डिस्कव्हरी ड्रायव्हरलाच विचारून कार्डं मोजतं. काम पाठवताना एक जीपीयू आणि किमान किती मेमरी हवी ते सांगायचं, म्हणजे मोठं मॉडेल ४ जीबीवाल्याकडे जात नाही. ही मोजणी काँडॉर सुरू होताना होते. कार्ड हलवायला मशिन बंद करावंच लागतं, त्यामुळे तुमचा १७-१९ चा घोळ आपोआप सुटेल.

एक खाच आहे. यूएसबी कीबोर्डवर कुणी बसलंय हे त्याला आपणहून नीट कळत नाही, काँडॉर_केबीडीडी वेगळं चालवावं लागतं. ते विसरलात तर मुलं प्रॅक्टिकल करत असतानाच काम सुरू होईल, आणि मग शिव्या तुम्हाला.

बिनतारी:
स्लर्म, म्हणजे असंच कामं वाटणारं दुसरं सॉफ्टवेअर, तेही चांगलं आहे, पण ते कोणत्या मशिनात काय आहे याची यादी आधी मागतं. स्लर्मडी -सी ही कमांड यादीतली त्या मशिनची ओळ काढून देते, जीपीयूसाठी ऑटोडिटेक्टही आहे. मात्र यादीत लिहिल्यापेक्षा रॅम कमी भरली की ते नोड (म्हणजे ते मशिन) बाजूला काढतं. कायम जागेवर असणाऱ्या क्लस्टरला ही शिस्त बरी. जिथे लोक रॅमच्या पट्ट्या उपसून नेतात तिथे रोजची डोकेदुखी. मीही काँडॉरच म्हणेन.

लॅबवाला:
आणि आर्डुइनोचं काय? टीटीवाययूएसबी० या पोर्टाच्या नावाखाली आज एक बोर्ड असतो, उद्या दुसरा.

खटपट्या:
डेव्ह/सीरियल/बाय-आयडी मधली नावं वापरा, त्यांत बोर्डाचा सीरियल नंबर असतो. पण स्वस्तातले सीएच३४० चिपवाले बोर्ड असतील तर सांभाळून, त्यांना बहुधा वेगळा सीरियल नंबरच नसतो. एका मशिनला असे दोन लावले की दोघांचं नाव एकच. मग बाय-पाथ, म्हणजे कोणत्या पोर्टात खुपसलाय त्यावरून ओळख. पोर्टांवर स्टिकर लावा!

बोर्ड आहे की नाही हे तपासून एक ओळ छापणारी छोटी स्क्रिप्ट लिहा आणि ती स्टार्टडी क्रॉनमध्ये (ठराविक वेळाने स्क्रिप्ट चालवायची काँडॉरची सोय) घाला. दर ५ मिनिटांनी चालवलीत तरी पुरे, ती ओळ थेट क्लासअ‍ॅडमध्ये जाते. स्क्रिप्टने नुसती फाइल बघू नये, बोर्डाला एक अक्षर पाठवून उत्तर येतं का तेही बघावं. आणि ज्या युजरखाली काम चालतं तो डायलआउट ग्रुपमध्ये हवा, नाहीतर सीरियल पोर्ट वापरायची परवानगी मिळत नाही.

लॅबवाला:
शनिवार-रविवार बसून केलं. पहिल्या फेरीत ११ ऐवजी १०च कार्डं आली. ६ नंबर शून्य सांगत होता. एलएसपीसीआयमध्ये कार्ड दिमाखात हजर, पण एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) म्हणतं ड्रायव्हरशी बोलता येत नाही. कर्नल अपडेट झाला होता, त्याचे हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) नव्हते, म्हणून डीकेएमएसने (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधणारं साधन) ड्रायव्हरचं मॉड्यूल बांधलंच नव्हतं. हेडर्स टाकले, ड्रायव्हर पुन्हा बसवला, रीबूट, आणि ११ पूर्ण. हा ६ नंबर किती महिने असा पडून होता कुणास ठाऊक, शीटमध्ये त्याच्यापुढे हिरवी टिक होती.

झटपट_भिडू:
बरं बाबा, लूप मागे घेतो.