स्मर्फ फक्त पेयोचे नाहीत: इव्हाँ देलपोर्तबद्दल थोडी भर

स्मर्फ्स या निळ्या बुटक्यांच्या चित्रकथांचं सगळं श्रेय सहसा बेल्जियन चित्रकार पेयोला दिलं जातं. चित्रांचं खरंच त्याचं, पण ती निळी मंडळी पेयोच्याच दुसऱ्या मालिकेतून बाहेर पडून स्वतंत्र झाली ती देलपोर्तमुळे. हा 1955 ते 1968 बेल्जियमच्या 'स्पिरू' या चित्रकथा-साप्ताहिकाचा संपादक, आणि स्मर्फ्सच्या सुरुवातीच्या बऱ्याच कथांचा सहलेखकही.

1959 मध्ये त्याने 'मिनी-रेसी', म्हणजे वाचकाने स्वतः बनवायची छोटी चित्रकथा, काढली. अंकाच्या मधली पानं सोडवायची, घड्या घालायच्या, एकात एक बसवून पाठीवर पिना मारायच्या आणि मग कडा कापायच्या, की तळहाताएवढी पुस्तिका तयार. आधी कापलं की चिटोऱ्यांचा क्रम लागता लागत नाही. घडी जरा तिरकी पडली तर कापताना थेट संवादच उडतात! स्मर्फ्सची पहिली स्वतंत्र गोष्ट 'काळे स्मर्फ' अशीच 48 चिमुकल्या पानांत आली. ती मापं अल्बमला, म्हणजे चित्रकथेच्या मोठ्या पुस्तकाला, चालणारी नव्हती, त्यामुळे 1963 च्या अल्बमसाठी पेयोने ती नव्याने काढली.

'स्पिरू'चाच चित्रकार फ्राँकँ याचं गास्तों हे पात्रही (फेब्रुवारी 1957) देलपोर्तच्याच काळातलं. कथानक नाही, काम नाही, नुसता अंकात येऊन उभा! 1977 मध्ये देलपोर्त आणि फ्राँकँ दोघांनी मिळून 'स्पिरू'च्या पोटातच 'त्रोंबोन इलुस्त्रे' ही खोडकर पुरवणी चालवली. 30 अंकांत आटोपली, पण फ्राँकँची काळ्या विनोदाची मालिका 'काळ्या कल्पना' तिथेच सुरू झाली.