सीरिज ३ लँड रोव्हर १०९ पिकअप: सहा आठवड्यांत उभी करायची आहे, कामाचा क्रम कसा ठेवू?

प्रश्न
आयात केलेली १९७४ ची १०९ इंची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) पिकअप आहे, २२८६ सीसी पेट्रोल इंजिन. कित्येक वर्षं एका जागी उभी होती. इंजिन जाम, क्लच सुटत नाही, ब्रेक पेडल तळाला जातं. मागच्या क्रॉस मेंबरवर (चॅसिसचा आडवा तुळईसारखा भाग) स्क्रू ड्रायव्हर दाबला की आत घुसतो. तपासणीची तारीख सहा आठवड्यांवर आहे. सगळी बॉडी उतरवून चॅसिस मोकळी करायचा विचार आहे. वेळेत होईल का?

उत्तर १
सगळी बॉडी उतरवू नका. बॉडी अॅल्युमिनियमची आणि बोल्ट लोखंडी, दोन्ही एकमेकांना धरून गंजलेले असतात. निम्मे बोल्ट कापावे लागतील आणि पत्रा फाटेल तो वेगळाच. फक्त मागचा हौदा उचला, क्रॉस मेंबर मोकळा होतो.

पहिले दोन दिवस एकही नट सोडू नका. हातोडीने पूर्ण चॅसिस आणि बॉडीचे लोखंडी भाग ठोकत जा: आउटरिगर (चॅसिसमधून बाजूला निघणारे हात), स्प्रिंगचे हँगर, पाय ठेवायची जागा, दाराचे खांब. बद्द आवाज आला तिथे खडूने खूण करा. यादी पूर्ण झाली की सगळे पार्ट एकदाच मागवा. बाहेरदेशातून पार्ट यायला लागणारा वेळच सगळ्यात महाग पडतो.

वेल्डिंगला २ मिमी पत्रा घ्या. पेट्रोलची टाकी सीटखालीच असते, ती आधी काढून लांब ठेवा. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडा. जुना क्रॉस मेंबर कापण्याआधी चॅसिसचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा, नवा नुसता वेल्डचे छोटे टाके मारून बसवा, कर्ण परत मोजा, मगच पूर्ण वेल्ड करा. रंगाचं काम तारखेनंतर.

उत्तर २
इंजिनाला लगेच सेल मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे पातळ तेल सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या, मग पुढच्या हँडलने मागे-पुढे हलवा. जोर करू नका, चिकटलेल्या रिंगा तुटतात. फिरायला लागलं की ऑइल आणि फिल्टर बदला, प्लग बाहेरच ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल मारा.

टॅपेटचा (व्हॉल्व्हवरचा) गॅप ०.२५ मिमी, आठही सारखेच. बेरीज नऊ लक्षात ठेवा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पहिला सेट करायचा, सातवा उघडला की दुसरा. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. टाकीतलं जुनं पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत जाऊच देऊ नका, त्याचा राळेसारखा थर जेटमध्ये बसतो.

क्लच प्लेट बहुतेक फ्लायव्हीलला चिकटली असेल. आधी क्लचचं हायड्रॉलिक नीट करा, पेडल दाबून लाकडाची पट्टी अडकवा आणि रात्रभर तसंच ठेवा. गिअरबॉक्स उतरवायचा विचार त्यानंतर.

प्रश्नकर्ता
क्रम बदलला. ब्रेकचे सगळे सिलिंडर आणि होज नवे घातले. तीनदा एअर (पाइपांतली हवा) काढली, पेडल तरी स्पंजसारखं. मास्टर सिलिंडर सदोष असेल का?

उत्तर ३
आधी शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) बघा. १०९ ला पुढच्या प्रत्येक चाकात दोन सिलिंडर असतात, वरच्यात हवा अडकून राहते. शूचे सगळे अॅडजस्टर ड्रम जाम होईपर्यंत घट्ट करा म्हणजे पेडल दाबल्यावर पिस्टन बाहेर सरकत नाहीत, मग सगळ्यात लांबच्या चाकापासून एअर काढत या. पेडल सावकाश दाबा, भराभर दाबलं तर ब्रेक ऑइलला फेस येतो. शेवटी अॅडजस्टर चाक मोकळं फिरेल इतके सोडा.

आणि पाइपांचे नट तपासा, हे जास्त गंभीर आहे. मूळ नट ३/८ इंच यूएनएफ (इंचाच्या मापाचे बारीक) आटे असलेले. नवा सिलिंडर किंवा जोड चुकून १० मिमीचा आला तर जुना नट त्यात सैल बसतो, आवळलाही जातो, आणि जोरात ब्रेक दाबल्यावर निसटतो. आटे हाताने सुरुवातीपासून सरळ, न डुगडुगता गेले पाहिजेत.

गाडी उजवीकडून चालणाऱ्या देशातली असेल तर हेडलाइटचा डिमर (खालचा झोत) समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दिवे ७ इंची गोल, साध्या मापाचे. तुमच्या बाजूचे घालून टाका.