ताण जागेचा, उपचार माणसाचा?

काठावरचा

आमच्या ऑफिसात गेल्या महिन्यात ताण-व्यवस्थापनाची कार्यशाळा झाली. दोन तास. डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, विचार येतील तसे जाऊ द्या. समोर बसलेल्या पंचवीसपैकी निम्म्यांचं काम दुप्पट झालंय, कारण रिकाम्या झालेल्या जागा वर्षभर भरलेल्या नाहीत. हे आयोजकांना ठाऊक होतं. शेवटी 'कसं वाटलं?' म्हणून फॉर्म भरून घेतला. जागा कधी भरणार, असा रकाना त्यात नव्हता.

एक योगायोग सांगतो. १९७९ साली रॉबर्ट कॅरासेक या संशोधकाने मांडलं की कामाचा रेटा जास्त आणि कामावर आपला ताबा कमी, अशा नोकरीत माणूस सर्वाधिक पिचतो. म्हणजे दोष कामाच्या रचनेत. त्याच वर्षी अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सजगतेवर (माइंडफुलनेसवर) आधारलेला ताणमुक्ती कार्यक्रम सुरू केला. ऑफिसांनी दोन्हींपैकी काय उचललं, ते आपण बघतोच आहोत. रचना बदलायला खर्च येतो, श्वास फुकट असतो.

माझं म्हणणं: ताणावरचे बहुतेक उपचार सोसणाऱ्याला आणखी सोशिक करतात आणि ताण देणारा नामानिराळा राहतो. झोडा मला.

ऐकणारी

झोडत नाही, पण असहमत. मी समुपदेशक आहे, त्यामुळे पक्षपाती आहे हे आधीच मान्य करते.

दोन तासांच्या कार्यशाळेला तुम्ही उपचार समजताय, इथेच गाडी रुळावरून उतरली. कबाट-झिन यांचा कार्यक्रमसुद्धा ऑफिससाठी नव्हताच. जुनाट दुखण्याचे जे रुग्ण होते, ज्यांच्यासाठी डॉक्टरांकडे फारसं काही उरलं नव्हतं, त्यांच्यासाठी तो सुरू झाला. आठवड्यातून एकदा अडीच तास आणि शिवाय घरी रोजचा सराव. त्याचा अर्क काढून दुपारच्या दोन तासांत पाजला, तर तो लागू न पडण्याचा दोष मूळ पद्धतीचा नाही.

आता मुद्द्याचं. लॅझरस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग वेगळे केले: एक, परिस्थितीशी झगडणं, दुसरा, आपल्या भावनेला सांभाळणं. चांगला थेरपिस्ट आधी हेच चाचपतो की यातलं काय बदलण्यासारखं आहे. बदलण्यासारखं असेल तर आमच्या खोलीत चक्क तालीम होते. 'हे काम शुक्रवारपर्यंत होणार नाही' हे वाक्य साहेबांसमोर कसं म्हणायचं, आवाज कसा ठेवायचा, ते दहादा म्हणून बघायचं. याला सोशिकपणा म्हणाल?

आणि सगळा ताण ऑफिसातून येत नाही हो. स्मृतिभ्रंश झालेल्या आईची रात्रंदिवस शुश्रूषा करणारी मुलगी माझ्यासमोर बसली, तर मी तिला कुठल्या व्यवस्थापनाकडे तक्रार करायला सांगू?

काठावरचा

आईचा मुद्दा बिनतोड आहे. मान्य.

पण सीबीटीचं, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायच्या थेरपीचं काय? मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६०च्या दशकात ती विकसित केली ती नैराश्यासाठी. तिचा गाभा असा की विचार वाकडे झाले की भावना बिघडते, म्हणून विचार तपासा. पण माझा विचार वाकडा आहे हे ठरवणार कोण? 'माझी नोकरी जाईल' हा विचार खराच असेल तर?

माजीचिडका

याचं उत्तर मी देतो, कारण मी त्या खुर्चीत बसलोय. बारा सत्रं.

साहेबांचा मेसेज यायचा, 'उद्या सकाळी भेट.' बस्स. माझी रात्र गेलीच म्हणून समजा. मला तक्ता भरायला दिला होता: काय घडलं, मनात पहिलं काय आलं, किती भीती वाटली, त्या विचाराच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय. पहिले दोन आठवडे मला हा शुद्ध पोरखेळ वाटला. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की अशा नऊ मेसेजांपैकी आठ फक्त फाइल कुठे ठेवलीस हे विचारायला होते.

पण नववा खरा होता. कामगिरीवरून खरंच झापलं. तेव्हा थेरपिस्टबाई 'तुमचा विचार चुकीचा' असं म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, नोकरी गेलीच तर पहिल्या दिवशी काय कराल? मग आम्ही यादी केली. शिल्लक किती महिने पुरेल, कोणाला फोन करायचा, घरी काय सांगायचं. भुताला नावगाव मिळालं आणि मला झोप लागली. चार महिन्यांनी मी स्वतःच राजीनामा दिला. तेव्हा काठावरचे, थेरपीने मला सोशिक केलं नाही, उलट बाहेर काढलं.

पुरावा कुठाय

दोन्ही बाजूंना थोडं थोडं टोचतो.

ध्यानाच्या चाचण्यांचा मोठा आढावा २०१४ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. ४७ चाचण्या, साडेतीन हजारांच्या आसपास माणसं. चिंता, नैराश्य, वेदना यांवर मध्यम प्रतीचा पुरावा मिळाला. खुद्द ताणावर मात्र कमकुवत. आणि व्यायाम किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस ठरतं, असं काही दिसलं नाही.

'करून बघायला काय हरकत आहे' हे वाक्य तर मला अजिबात पटत नाही. अपघात किंवा हल्ला झाल्यावर लगेच सगळ्यांना बसवून एकाच सत्रात सगळं बोलून घ्यायचं, अशी पद्धत जोरात होती. मोकळं व्हा, हलकं वाटेल. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात असं निघालं की त्याने पुढचा आघातोत्तर त्रास टळत नाही, काहींचा वाढूही शकतो. चांगल्या हेतूने केलेलं सगळं निरुपद्रवी नसतं.

पायवाट

मग सरळ धावायला जा म्हणावं. एवढा काथ्याकूट कशाला?

माजीचिडका

ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याला धावायला जा सांगून बघा एकदा.

ऐकणारी

पुरावासाहेब, सक्तीने एका बैठकीत बोलतं करण्याबद्दल पूर्ण सहमत. श्वास आणि शिथिलीकरणाचंही तसंच. काही लोकांना शांत बसवलं की धडधड उलट वाढते. आत लक्ष गेलं की तेच ऐकू येतं. त्यांच्याबरोबर मी डॉ. जेकबसन यांची स्नायू सैल करण्याची १९२०च्या दशकातली जुनी रीत आधी करून बघते: मूठ आवळा, सोडा, खांदे उचला, सोडा. डोळे उघडे ठेवून चालतं, आणि करायला काहीतरी असतं. म्हणून सगळ्यांना एका रांगेत बसवून एकच व्यायाम देण्याच्या मी विरोधात आहे. इथे मी काठावरच्यांच्या बाजूने.

पण 'व्यायामापेक्षा सरस नाही' याचा अर्थ 'कुचकामी' असा घेऊ नका. व्यायामाइतकं चालत असेल तर ते बरंच चालतं.

पुरावा कुठाय

कुचकामी म्हटलं नाही. विकताना जेवढं सांगतात तेवढं नाही, इतकंच.

काठावरचा

माझं मूळ वाक्य फार सैल होतं, मागे घेतो. थेरपी आणि ऑफिसातली थेरपीसदृश वस्तू, यांची मी गल्लत केली.

तरी एक सोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार गळून जाण्याची व्याख्या दिली. त्यात तो आजार नाही, कामाशी निगडित घटना आहे, असं स्पष्ट म्हटलंय. कामाच्या जागेवरच्या दीर्घ ताणाचं यशस्वी व्यवस्थापन झालं नाही की तो होतो. आता 'झालं नाही' याचा कर्ता शोधून दाखवा. व्यवस्थापन कोणी करायचं होतं? ऑफिस ते वाक्य वाचतं आणि माझ्याकडे बोट दाखवतं. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल अभ्यासात खालच्या हुद्द्यांवर हृदयविकाराने मरणाऱ्यांचं प्रमाण वरच्यांपेक्षा जास्त आढळलं, आणि पुढच्या टप्प्यात कामावर ताबा नसण्याशी त्या आजाराचा संबंध दिसला. ताबा काही श्वासातून येत नाही.

ऐकणारी

या व्याकरणाबद्दल मात्र वाद नाही. मी माझ्या खोलीत एका माणसाला 'नाही' म्हणायला शिकवू शकते, पण त्याच्या टेबलावर येणाऱ्या फाइली कमी करू शकत नाही.

काठावरचा

पुढच्या महिन्यात दुसरी कार्यशाळा आहे. या वेळी फॉर्मवर तो रकाना मीच हाताने आखणार.

माजीचिडका

एकट्याने आखू नका. पंचवीस जणांनी आखा.

काठावरचा

बघतो. निम्मे त्या दिवशी काम उपसत बसलेले असतील.