टाकीसफाईची सूचना आणि रणगाडा

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. शनिवारी सकाळी ११ ते ५ खालची आणि गच्चीवरची, दोन्ही टाक्यांची सफाई आहे. पाणी आधीच भरून ठेवावे. मोटर मध्येच चालू करायला सांगून वॉचमनशी वाद घालू नये.

ए-२०४: मागच्या महिन्यात झाली ना सफाई?

सेक्रेटरी: ताई, तेव्हा बॉल व्हॉल्व्ह बदलायला उतरले होते. गाळ तसाच आहे.

बी-५०१: जरा विषयांतर करतो. चिरंजीव सातवीत आहेत. विचारतात, रणगाड्याला इंग्रजीत टँक का म्हणतात, त्यात पाणी असतं का? मी गूगल कर म्हणालो तर म्हणे, बाबा, तुम्हीच सांगा. सी-१०३ काका, वाचवा.

सी-१०३: पाणी नसतं, पण नाव पाण्यावरूनच पडलंय आणि तेही मुद्दाम. पहिलं महायुद्ध चालू होतं. १९१५ साली इंग्लंडमध्ये लिंकन गावात, शेतीची यंत्रं करणाऱ्या विल्यम फॉस्टर कंपनीत हे प्रकरण बनत होतं. मोठमोठे लोखंडी पत्रे, रिव्हेट, खोक्यासारखा आकार. शत्रूला कळू नये म्हणून, हे पाणी वाहायचं काहीतरी आहे, मेसोपोटेमियाच्या म्हणजे आजच्या इराकच्या वाळवंटात जायचंय, असं सांगत. ‘वॉटर कॅरिअर’ हेही नाव सुचलं होतं, पण त्याचं लघुरूप डब्ल्यू. सी. म्हणजे संडास होतं, म्हणून ते मागे पडलं अशी गोष्ट सांगतात. डिसेंबर १९१५ मध्ये ‘टँक’ ठरलं. पुढे तयार गाड्यांवर रशियन अक्षरांत ‘काळजीपूर्वक, पेट्रोग्राडकडे’ (रशियाची तेव्हाची राजधानी) असंही रंगवलं. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत त्या पहिल्यांदा उतरल्या. निम्म्याशिम्म्या वाटेतच बंद पडल्या किंवा अडकल्या, पण नाव कायमचं चिकटलं.

बी-५०१: डब्ल्यू. सी. 😂 हे मात्र तो वहीत नक्की लिहिणार.

ए-६०२: *अभिमानाची गोष्ट!!* टँक हा शब्द १०० टक्के मराठी आहे! गडावरच्या ‘टाक्या’वरून इंग्रजांनी चोरला! जास्तीत जास्त पाठवा 🚩🚩

सी-१०३: भाऊ, फॉरवर्डमध्ये अर्धं खरं आहे, म्हणून त्याला थोडा वेळ देतो. इंग्रजी कोशांत टँकच्या उगमापुढे गुजराती आणि मराठी ही नावं असतात, हे खरंच. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सुरतेच्या बाजूला आलेले इंग्रज इथल्या तलावांना, कुंडांना टँक म्हणायला लागले. आपलं टाकं तर जुनंच, मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात ‘टांकें’ आहेच. पण चोरला म्हणायच्या आधी पोर्तुगीजांना विचारा. त्यांच्याकडे ‘तान्क’ आहे, स्पॅनिशमध्ये ‘एस्तान्के’, म्हणजे तळं. दोन्ही पाणी अडवणं या अर्थाच्या क्रियापदावरून आलेले. वास्को द गामाच्या १४९८ च्या प्रवासाच्या रोजनिशीत कालिकतच्या तळ्याला तान्क म्हटलंय. नुकतेच किनाऱ्याला लागलेले, तेही केरळात. त्यांना तो शब्द मराठी माणसाने शिकवला असं कसं म्हणणार?

ए-६०२: मग आपलं टाकं पोर्तुगीजांकडून आलं म्हणायचं का? वसईत होते ना ते!

सी-१०३: तेही पटत नाही.

डी-३०१: काका, मी मध्येच बोलते. आमच्याकडे पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यायचे. दारावरून आरोळी यायची, “पाट्याला टाकी लावायची का?” ती बाई छिन्नी-हातोडी घेऊन ओट्यावर बसायची आणि टक टक करत सगळ्या पाट्यावर बारीक खड्डे पाडायची, नंतर आई तांदूळ वाटून तो धुवायची. त्या छिन्नीला टाकीच म्हणायचे. मग टाकीने खोदलेलं ते टाकं, असं नाही का?

सी-१०३: वहिनी, नेमकं बोललात. संस्कृतात ‘टंक’ म्हणजे छिन्नी, ‘टाकीचे घाव’ त्यातलेच. दगडात खोदलेल्या हौदाला त्यावरून नाव पडणं अगदी सहज आहे. पुरावा म्हणून कोर्टात टिकेल असं नाही, पण माझा कौल तुमच्याकडे.

बी-२०३: ट्रेकर म्हणून एक भर. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या कन्हेरीला बहुतेक लेण्यांच्या पुढ्यातच टाकं असतं. जमिनीलगत चौकोनी तोंड, आत वाकून बघितलं तर पाणी पार खडकाखाली गेलेलं. वरच्या कातळावर बोटभर रुंदीपासूनच्या चऱ्या खोदल्यात, पावसाचं पाणी त्यातून उतरतं. पण तिथल्या प्राकृत शिलालेखांत याला ‘पोढी’ म्हटलंय, ‘पानीय पोढी’. टाकं हा शब्द तिथे नाही. शिवनेरीची गंगा-जमुना टाकी म्हणतो ते आपण आता.

सी-१०३: वा! म्हणजे वस्तू दोन हजार वर्षांची, नाव नंतरचं. मला वाटतं इंग्रजांनी इथे ऐकलेलं टाकं आणि पोर्तुगीजांचं तान्क, दोन्ही एकमेकांत मिसळले. तलाव या अर्थाचा टँक इथला. पेट्रोलची टाकी, लोखंडी पिंप, या अर्थाला पोर्तुगीजांचा हात जास्त. कुणी एकाच गावचा दाखला मागितला तर देता येणार नाही.

ए-२०४: माझं माहेर मुंबईतल्या सी. पी. टँकचं. लहानपणी वाटायचं तिथे कुठेतरी मोठी टाकी असणार. कावसजी पटेलांनी बांधवलेला तलाव होता, तो बुजला आणि आता नुसता नाका उरला. गवालिया टँकचंही तेच. गवळी गुरं धुवायला आणायचे म्हणतात. १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ तिथूनच झालं आणि आता ऑगस्ट क्रांती मैदान.

डी-३०१: आणि टँक टॉप? माझी नात घालते ते. त्यात कुठलं पाणी?

सी-१०३: पोहण्याच्या तलावाला अमेरिकेत टँक म्हणत, त्यातल्या पोशाखाला टँक सूट. वरचा भाग उरला तो टँक टॉप. खेळाडू मुद्दाम हरला तर ‘टँक केलं’ म्हणतात, ते बॉक्सिंगवाल्यांच्या बोलीतून आलं.

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, शब्दांची चर्चा दुसऱ्या ग्रुपवर न्यावी. ज्यांना शनिवारी पाहुणे आहेत त्यांनी आत्ताच सांगावे, एका तासासाठी बोअरचं पाणी सोडता येईल.

बी-५०१: आमच्याकडे पाहुणे नाहीत, प्रश्न मात्र आहे. चिरंजीवांना कन्हेरीची पोढी बघायचीय. बी-२०३ दादा, नेता का? पुढचा सोमवार सुट्टीचा आहे.

बी-२०३: सोमवार सोडून कधीही. नॅशनल पार्क सोमवारी बंद असतं. रविवारी सकाळी लवकर निघू, पाणी घरूनच घ्या.