‘कमिंग आउट’ला मराठीत काय म्हणावं? पत्रक अडलंय

पाटोपूल

मंडळी, अडचण घेऊन आलोय. ‘कमिंग आउट’ म्हणजे आपण गे, लेस्बियन किंवा ट्रान्स आहोत हे घरच्यांना, इतरांना सांगणं. त्याला मराठी शब्द सापडत नाहीये. गोव्यात म्हापशाला आमचा आठ-दहा जणांचा गट आहे. गे, लेस्बियन, ट्रान्स (जन्मावेळी नोंदलेलं लिंग ज्यांना आपलं वाटत नाही ते) आणि माझ्यासारखे नुसतीच प्रुफं तपासणारे. कुणाला घरातून काढलं तर चार दिवस राहायची सोय बघायची, पोलीस ठाण्यात सोबत जायचं, अशी कामं. आमचं इंग्रजी पत्रक आहे, रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीतलंही झालं. आता पेडणे, डिचोली, सत्तरीसाठी मराठीत हवंय, कारण तिकडे सकाळच्या चहाबरोबर उघडतो तो मराठी पेपर.

माझा पहिला खर्डा असा होता: ‘समलैंगिक, उभयलिंगी व पारलिंगी व्यक्तींनी आपली लैंगिक ओळख कुटुंबीयांसमोर प्रकट करताना…’ गटातल्या एकाच्या आईला वाचायला दिला. बाई निवृत्त शिक्षिका, हयातभर विज्ञान शिकवलेलं. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, “उभयलिंगी म्हणजे जास्वंद. आणि गांडूळ.” काय बोलणार? पाठ्यपुस्तकात तसंच आहे. मग ‘प्रकट’वर बोट ठेवलं. “प्रकट देव होतो. ह्याने मला सांगितलं तेव्हा मी आदोळीवर नारळ खवत होते. ‘सांगितलं’ असं का लिहीत नाहीस?”

तेव्हापासून अडून बसलोय. ‘प्रकट होणे’, ‘बाहेर येणे’, ‘उघड होणे’, ‘घरी सांगणे’. काय घ्यावं?

मुद्राराक्षस

‘उघड होणे’ आधी खोडा. उघड काय होतं? बिंग, भानगड, घोटाळा. ‘उघडकीस आले’ ही तर गुन्हेवार्तेची क्रिया. ‘बाहेर येणे’सुद्धा मराठीत प्रकरणं येतात किंवा माणसं तुरुंगातून येतात. इंग्रजीत ‘कपाटातून बाहेर येणं’ हे रूपक मागे उभं आहे म्हणून तिथे ते शोभतं. आपल्या कपाटात चादरी असतात.

दुसरं, ‘समलैंगिक’ की ‘समलिंगी’. व्याकरणाने दोन्ही चालतील. ‘दिन’चं ‘दैनिक’ होतं तसं ‘लिंग’चं ‘लैंगिक’. पण मराठी कानावर ‘लैंगिक’ कुठे कुठे पडतो ते बघा: लैंगिक अत्याचार, लैंगिक छळ, लैंगिक शोषण, आणि सुटीच्या दिवशी लैंगिक समस्या, सल्ला व उपाय. ह्या शब्दाच्या अंगाला पोलीस ठाण्याचा आणि दवाखान्याचा वास लागलाय. ‘समलिंगी’ त्या मानाने स्वच्छ राहिलाय. अपवाद ‘लैंगिक कल’चा. तिथे ‘कल’ हा शब्दच इतका साधा आहे की बाजूच्यालाही सावरून घेतो.

‘उभयलिंगी’ बागेतच राहू द्या. ‘ज्यांना पुरुष आणि बाई दोघांविषयीही ओढ वाटते असे’ एवढं लांब लिहा. पत्रकाला जागा कमी पडली तर अक्षर बारीक करा, अर्थ नको.

आणि ‘अनैसर्गिक’ कुठे डोकावत असेल तर तोही काढा. १८६० च्या दंडविधानातल्या ३७७ कलमात ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ अशी भाषा होती, तिथून तो आपल्या बातम्यांत शिरला. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम मोडीत काढलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर तसं कलमच नाही. तरीही लहान मुलावर अत्याचार झाल्याची बातमी आली की मथळा ‘अनैसर्गिक अत्याचार’. म्हणजे अत्याचाराला नैसर्गिक अशी एक जात आहे की काय? मी डेस्कवर होतो तेव्हा हा शब्द रोज खोडायचो. सकाळी अंकात पुन्हा हजर.

बोंडू

राक्षसबाब, तुमचं खोडरबर थोडं बाजूला ठेवा. ‘समलिंगी’ म्हणून कोण स्वतःची ओळख करून देतो? चोवीस वर्षं गे आहे, आजवर एकदाही म्हटलेलं नाही. ‘गे’ म्हणतो. देवनागरीत एका अक्षराची जागा, अर्थ सगळ्यांना ठाऊक. फक्त आमच्या आजीला मी ‘गे’ म्हटलं तेव्हा ती ‘ओ’ म्हणाली. तिच्या कानाला ते ‘अगे’तलं ‘गे’.

पाटोपूल

हसून पुरेवाट. ‘गे’ ठेवतोच, पहिल्यांदा येईल तिथे ‘समलिंगी’ सोबत. बोंडूबाब, तुम्ही घरी काय म्हणालात? म्हणजे नेमकं वाक्य काय होतं?

बोंडू

“मला लग्न करायचं नाही.” आई म्हणाली, “आत्ता की कधीच?” मी म्हटलं, “बाईशी कधीच नाही.” झालं. ह्यात तुमचा एकही शब्द नाही बघा.

आमचा पुढचा प्रश्न शब्दाचा नव्हताच, ‘बरा होईल का’ हा होता. बाबांनी डॉक्टरला तेच विचारलं. ह्या ‘बरा’चं काय करायचं तेवढं सांगा. २०१५ च्या जानेवारीत आपल्या राज्याचं युवा धोरण आलं तेव्हा क्रीडा व युवा व्यवहार मंत्र्यांनी एलजीबीटी, म्हणजे आपल्यासारख्या, तरुणांना ‘नॉर्मल’ करायला केंद्रं काढू म्हटल्याच्या बातम्या देशभर गेल्या. नंतर त्यांनी विपर्यास झाला म्हणून सांगितलं. पण आमच्या घरात तो ‘नॉर्मल’ शब्द येऊन बसला तो बसलाच. मावशी अजून फोनवर विचारते, “आता नॉर्मल आहे ना?” आई म्हणते, “हो, ताप उतरला.”

सत्तरीची लेक

उशिरा आले. मी ट्रान्स बाई. शब्द शोधताय ते ठीक, पण आमचं निम्मं सांगणं क्रियापदातच होऊन जातं. गे मुलगा वीस वर्षं घरात ‘जातो’, ‘येतो’ म्हणत गप्प राहू शकतो. मला तोंड उघडलं की ठरवावं लागतं. मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’, मधली वाट नाही. कोल्हापूरकडच्या बायका बिनदिक्कत ‘मी येतो’ म्हणतात, त्यांचा मला फार हेवा वाटतो. मुंबईत शिकायला होते तेव्हा मी इंग्रजी बोलायचे ते ह्याच कारणाने. लोकांना वाटायचं शिष्ट आहे.

पहिल्यांदा ‘येते’ म्हटलं ते घरी नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. बांगडे घेतले, पैसे दिले आणि पाठ वळवता वळवता तोंडातून गेलं, “परत येते.” त्या मासेवालीकडून मी शाळेत असल्यापासून मासे घेत होते. तिने पिशवीची गाठ सोडून पुन्हा मारली, वर बघितलं आणि म्हणाली, “यो गो.” आदल्या शुक्रवारपर्यंत “यो रे” होतं. एवढंच. बांगडे मात्र त्या दिवशी मऊ निघाले.

कोंकणीत तर आणखी मजा. तिथे लहान मुलगी नपुंसकलिंगी: ‘चेडूं आयलें’, ‘तें गेलें’. मुलगी स्वतःही ‘हांव गेलें’ म्हणते आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. ज्यांना ‘तो’ही नको आणि ‘ती’ही नको त्यांच्यासाठी इंग्रजीतून सर्वनाम आणायची धडपड बघते तेव्हा हे आठवतं. मराठीतही ‘ते पोर’, ‘ते लेकरू’ आहेच. प्रेमाने वापरायचा की कुत्सितपणे हा वापरणाऱ्याचा प्रश्न.

मुद्राराक्षस

बाय, हे फार मोलाचं सांगितलंत. आणि ‘तृतीयपंथी’? पत्रकात चालेल?

सत्तरीची लेक

मला नका लावू. शब्द म्हणून तो बरा आहे, ‘पंथ’ म्हणजे वाट, शिवी तरी नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये तिसऱ्या लिंगाला मान्यता दिल्यावर मराठी पेपरांनी तोच धरला, महाराष्ट्र सरकारच्या मंडळाच्या नावातही तोच आहे. पण लोकांच्या डोळ्यांसमोर त्याने एकच चित्र येतं: टाळी, सिग्नल, आशीर्वाद. गुरू-चेल्यांच्या घराण्यात राहणारी माणसं आणि मी, आमची आयुष्यं वेगळी. त्यांचा अनादर करायचा म्हणून हे सांगत नाहीये. त्यांच्यातल्या कितीतरी जणी स्वतःला ताठ मानेने ‘हिजडा’ म्हणवतात. त्यांनी म्हणावं. तुम्ही पत्रकात छापू नये.

‘पारलिंगी’ कागदावर ठीक. बोलताना ‘ट्रान्स’.

फायलीतले शब्द मात्र नकोतच. एचआयव्हीच्या प्रकल्पांनी आम्हाला ‘एमएसएम’ (पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष) आणि ‘टीजी’ (ट्रान्सजेंडर) केलं. कामं चांगली झाली, नाकारत नाही. आपल्याकडे ह्या कामाची सुरुवातही कुठून झाली बघा: १९८९ मध्ये डॉमनिक डिसोझा ह्यांना केवळ रक्तात विषाणू सापडला म्हणून ६४ दिवस एका बंद पडलेल्या क्षयरोग इस्पितळात कोंडून ठेवलं होतं. ते कोर्टात लढले आणि त्यातूनच ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी राहिली. त्या माणसांनी खस्ता खाल्ल्या म्हणून आज आपण पत्रकं वाटतोय. पण कंडोमचं खोकं उतरवून घेताना ‘एमएसएम किती?’ असं ओरडून विचारलं जायचं, ते अजून कानात आहे.

बोंडू

एक राहिलं. पत्रकाच्या शेवटी पणजीच्या प्राइडचं, म्हणजे आपल्या मिरवणुकीचं, आमंत्रण असणार ना? कृपा करून ‘गर्वयात्रा’ लिहू नका. हिंदीत गर्व छाती फुगवतो, मराठीत गर्वाचं घर खाली होतं. मी एका फलकावर ‘गर्व’ बघितला तेव्हा मागून एक काका म्हणाले, “एवढा गर्व बरा नव्हे हो.” भाषेच्या दृष्टीने काका बरोबर होते.

पाटोपूल

पुण्या-मुंबईकडे ‘अभिमान’ चालतो, अर्थही नेमका आहे. पण ‘अभिमान यात्रा’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पक्षाची रथयात्रा उभी राहते. दिंडी म्हणावं तर वारकरी रागावतील. मोर्चा म्हणावं तर कुणाचा निषेध?

सत्तरीची लेक

मेळ म्हणा की. शिगम्यात रोमटामेळ निघतो, ढोल-ताशे असतात, सोंगं असतात, पुरुष बाईचं सोंग घेऊन नाचतात आणि रस्त्याच्या कडेला सगळा गाव उभा असतो. आमच्याकडे दशावतारातल्या स्त्रीपार्टीला मानाने जेवायला बसवतात. ‘सात रंगांचा मेळ’. सत्तरीत कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

मुद्राराक्षस

इंद्रधनुष्याचे सात, प्राइडच्या झेंड्याचे सहा. मोजून घ्या, नाहीतर माझ्यासारखा कुणीतरी पत्र लिहील.

पाटोपूल

‘रंगांचा मेळ’. आकडा गाळला, राक्षसबाब.

मूळ प्रश्नावर माझा निर्णय: ‘घरी सांगणे’. मथळा ‘घरी सांगायचंय?’ आणि खाली पहिली ओळ: ‘कुणाला, कधी, कुठल्या शब्दांत सांगायचं हे तुम्ही ठरवा. नाही सांगितलं तरी चालेल.’ घराबाहेरच्यांना सांगण्यासाठी नुसतं ‘सांगणे’. शिक्षिकाबाईंना दाखवलं. त्यांनी ‘कुठल्या’चं ‘कोणत्या’ केलं, बाकी पास.

अजून एक शब्द अडलाय. ‘पार्टनर’ला ‘जोडीदार’ लिहिलाय. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने समलिंगी लग्नाला कायद्याची मान्यता द्यायला नकार दिला, त्यामुळे नवरा-बायको, पती-पत्नी लिहिता येत नाही. ‘जोडीदार’ पत्त्यांच्या डावातला वाटतो का?

बोंडू

जोडीदार चांगला आहे, पण गोंयात लग्नाला लोक काय म्हणतात? ‘सह्या झाल्या.’ नोंदणी कचेरीत दोनदा जाऊन सह्या, मग देवळात किंवा इगर्जीत काय ते. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स आणि त्यांचे जोडीदार जेरोम मारेल ह्यांनी २००२ मध्ये फ्रेंच कायद्याखाली सहजीवनाचा करार केला तेव्हा आमच्या वाड्यावरची एक म्हातारी म्हणाली होती, “म्हणजे सह्या झाल्या म्हण की.” तिला ‘विवाह’, ‘करार’, ‘सहजीवन’ कशाचीच गरज पडली नाही. आमच्या दोघांच्या सह्या व्हायच्यात. तोवर जोडीदार.

पाटोपूल

ठरलं, जोडीदार. प्रेसवाला एकला जेवायला जातो आणि चारशिवाय उगवत नाही, तेव्हा पळतो. कुणाला ‘सत्तरी’तला दुसरा त निसटलेला दिसला तर आत्ताच सांगा.